चेअरमन आता आमदार झाले, कलम ८३ ची चौकशी दाबली जाईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातल्या एका बिगरशेती पतसंस्थेचे चाचणी लेखापरीक्षण (आधी झालेल्या लेखापरीक्षणाची सहकार खात्याने करवलेली फेरतपासणी) झाले. चेअरमनच्या नात्यातल्या माणसांना पुरेसे तारण न घेता दिलेली कर्जे त्यात निघाली. त्या अहवालावरून जिल्हा उपनिबंधकांनी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खाली (पुढे दुसऱ्या कायद्याचे नाव नसेल तिथे कलमे याच कायद्याची, आणि निबंधक म्हणजे हेच उपनिबंधक) चौकशीचा आदेश काढला आणि चौकशी अधिकारी नेमला. दोन सुनावण्या झाल्या. मध्येच निवडणूक लागली आणि चेअरमन विधानसभेवर निवडून गेले. चेअरमनपद त्यांनी सोडलेले नाही. आता वरून फोन येणार आणि फाईल गुंडाळली जाणार, अशी सभासदांना धास्ती आहे. ही भीती खरी आहे का, आणि खरी असेल तर काय करायचे?

भीती खरी आहे, पण तुम्ही ज्या दाराकडे डोळे लावून बसला आहात त्या दाराने धोका क्वचितच येतो. "चौकशी बंद करा" असा लेखी आदेश शहाणा पुढारी काढून घेत नाही. तो न्यायालयात टिकत नाही आणि त्यावर कोणाची तरी सही राहते. चौकशी मरते ती स्थगितीने, अधिकारी बदलल्याने, दप्तर गहाळ झाल्याने, मुदती उलटल्याने किंवा चौकशीच इतकी ढिसाळ झाल्याने की अपिलात पहिल्या सुनावणीलाच उडते. या प्रत्येक वाटेवर सभासदाला काही ना काही करता येते, फक्त ते आधी करावे लागते. स्थगिती आल्यावर जागे होणाऱ्यांचे एक-दोन वर्षे सहज जातात.

फोनचा मुद्दा आधी संपवू. महाराष्ट्र शासन विरुद्ध सारंगधरसिंह चव्हाण हा सर्वोच्च न्यायालयाचा १४ डिसेंबर २०१० चा निकाल तुमच्या वकिलाकडून मागून वाचा. विदर्भातल्या शेतकऱ्यांनी एका आमदाराच्या कुटुंबाच्या सावकारीविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात फोन गेला. त्या फोनची नोंद पोलिसांनी स्टेशन डायरीत केली होती आणि तीच नोंद पुढे न्यायालयासमोर आली. न्यायालयाने हा हस्तक्षेप बेकायदा ठरवला आणि उच्च न्यायालयाने बसवलेला २५ हजारांचा खर्च वाढवून १० लाख केला. हुद्द्याने लहान असलेल्या माणसाने एक ओळ लिहून ठेवली होती म्हणून हे घडले. तुमच्या प्रकरणातही अशा ओळी लिहिल्या जातील आणि त्या तुमच्या हाती येतील, अशी व्यवस्था करणे हे पहिले काम.

स्थगिती कुठून येते

कलम ८३ च्या आदेशाविरुद्ध कलम १५२ खाली अपील नाही. म्हणून चेअरमनची बाजू कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करते, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने हा आदेश तपासून बदलावा अशी मागणी. हा अर्ज सहनिबंधकांकडे जाऊ शकतो किंवा शासनाकडे. शासन म्हणजे व्यवहारात सहकार मंत्री, किंवा ते ज्यांच्याकडे सुनावणी सोपवतील ते. बहुतेक चौकश्या इथेच अडकतात. अर्जासोबत अंतरिम स्थगितीची मागणी असते, ती पहिल्याच तारखेला मिळते, आणि मूळ अर्जाची सुनावणी मग महिनोन्महिने लागत नाही.

पुनरीक्षणाची मुदत आदेश कळल्यापासून दोन महिने आहे. तुमच्या संस्थेला आदेश कोणत्या तारखेला पोहोचला हे आजच शोधा. संस्थेच्या आवक नोंदवहीत आणि उपनिबंधक कार्यालयाच्या जावक नोंदवहीत ती तारीख सापडेल. मुदत संपल्यावर अर्ज आला तर सोबत विलंब माफीचा अर्ज लागतो आणि त्याला विरोध करण्याचा हक्क तुमचा आहे. पण विरोध करायला तुम्ही त्या प्रकरणात पक्षकार असायला हवे. बहुतेक ठिकाणी घोडे इथेच पेंड खाते. पुनरीक्षणात संस्था अर्जदार असते, उपनिबंधक सामनेवाले असतात आणि ज्यांनी तक्रार केली ते सभासद कागदावर कुठेच नसतात. सरकारी बाजू गप्प बसली की एकतर्फी स्थगिती मिळाली.

म्हणून आत्ताच, स्थगिती यायच्या आधी, तीन ठिकाणी लेखी अर्ज द्या: विभागीय सहनिबंधक, सहकार विभागाचे सचिव आणि सहकार मंत्र्यांचे कार्यालय. अर्जात आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहा. "या आदेशाविरुद्ध कोणताही अर्ज आल्यास आम्हाला ऐकल्याशिवाय अंतरिम आदेश करू नये, आम्हाला आवश्यक पक्षकार करावे" एवढेच मागा. मंत्र्यांपुढच्या सुनावणीत अशा अर्जाला न्यायालयातल्या कॅव्हेटइतके (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश करू नये अशी आगाऊ नोंद) बळ नसते. पण तो पोचपावतीसह दिलेला असताना एकतर्फी स्थगिती झाली, तर उच्च न्यायालयात तुमचा पहिला मुद्दा तयार असतो. कलम १५४ मध्येच बाधित व्यक्तीला ऐकण्याची अट आहे. उच्च न्यायालयात मात्र रीतसर कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालते, नंतर नव्याने करावे लागते. ही तारीख विसरली जाते, म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सुनावणीत काय मांडायचे तेही ठरवून ठेवा. कलम ८३ ची चौकशी म्हणजे संस्थेची रचना, कामकाज आणि आर्थिक स्थिती तपासणे. तीत कोणावर रक्कम बसत नाही, कोणी अपात्र होत नाही. मग ती थांबवली नाही म्हणून चेअरमनचे कोणते नुकसान होणार? उलट थांबवली तर दप्तर धोक्यात येते आणि पुढे सांगतो ती पाच वर्षांची मुदत झिजते. अंतरिम स्थगितीला विरोध करताना हा युक्तिवाद सगळ्यात जड पडतो.

एक गैरसमज अजून फिरतो, की स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते. २०१८ च्या एका निकालामुळे तो पसरला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो निकाल फिरवला. न्यायालयाची स्थगिती आपोआप उठत नाही, आणि मंत्र्यांच्या स्थगितीलाही तो नियम लावून बसू नका. ती उठवायला अर्ज करावाच लागतो.

आणि चेअरमन उद्या आमदाराचे मंत्री झाले, त्यातही त्यांच्याकडे सहकार खाते आले, तर? स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होता येत नाही. सुनावणी दुसऱ्या मंत्र्यांकडे द्यावी असा लेखी अर्ज पहिल्याच तारखेला द्या. निकाल लागल्यानंतर ही हरकत घेतली तर "तेव्हा गप्प का बसलात?" हा प्रश्न येतो.

पाच वर्षांचा हिशेब

या सगळ्या उत्तरातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तक्रारदार सहसा तिकडे बघत नाहीत.

चौकशीतून पैसे वसूल होतात ते कलम ८८ खाली. ८३ चा अहवाल आल्यावर निबंधक प्राधिकृत अधिकारी नेमतात, तो संबंधितांवर दोषारोप ठेवतो, त्यांना ऐकतो आणि कोणी किती रक्कम व्याजासह परत करायची ते ठरवतो. पण कलम ८८ ला खिडकी पाच वर्षांचीच आहे. लेखापरीक्षण सुरू झाल्याची तारीख, किंवा चौकशीच्या आदेशाची तारीख, यांच्या मागे पाच वर्षांत झालेलीच गैरकृत्ये त्यात येतात.

आता चेअरमनच्या बाजूने विचार करा. ८३ चा आदेश तांत्रिक कारणाने रद्द झाला आणि "नव्याने चौकशी करावी" असे म्हटले गेले. गावात सगळे म्हणतील, काय बिघडले, चौकशी तर होणारच आहे. पण नवा आदेश दोन वर्षांनी निघाला, तर पाच वर्षांची खिडकी दोन वर्षे पुढे सरकली. सुरुवातीची कर्जे खिडकीबाहेर गेली, आणि मोठी कर्जे बहुधा सुरुवातीचीच असतात. चौकशी बंद न करता तिच्यातला जीव काढायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

यावर तुमच्याकडे एक उपाय आयता आहे. तुमच्याकडे चाचणी लेखापरीक्षण झालेले आहे आणि कलम ८८ ची कार्यवाही लेखापरीक्षणाच्या आधारेही होते. त्यामुळे ८३ चा आदेश उडाला तरी लेखापरीक्षण सुरू झाल्याची तारीख टिकून राहते आणि खिडकी तिथून मोजता येते. चाचणी लेखापरीक्षणाचा आदेश, लेखापरीक्षकाने काम सुरू केल्याचे पत्र आणि अहवाल, या तिन्हींच्या प्रमाणित प्रती आज काढा. सोबत निबंधकांना पत्र द्या: ८३ चा अहवाल यायचा तेव्हा येवो, लेखापरीक्षण अहवालाच्या आधारे कलम ८८ खाली प्राधिकृत अधिकारी नेमावा. अशी मागणी नोंदवलेली असली की पुढे "आधार एकच होता आणि तो रद्द झाला" असे कोणाला म्हणता येत नाही.

कलम ८८ ची कार्यवाही आदेशापासून दोन वर्षांत पुरी करायची आहे, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त सहा महिने वाढ मिळते. तिथेही तारखा वाढवत मुदत ओलांडण्याचा प्रयत्न होतो. प्रत्येक तहकुबी कोणी मागितली ते रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या तारीखवार नोंदीत, लिहिले गेले का, एवढे दर तारखेला बघा.

अधिकारी बदलला तर

कलम ८३ च्या पोटकलम ५ प्रमाणे निबंधक एका अधिकाऱ्याकडून चौकशी काढून दुसऱ्याकडे देऊ शकतात. म्हणजे अधिकारी बदलणे हे मुळात कायदेशीर आहे, त्यावर आकांडतांडव करून उपयोग नाही. बघायचे ते एवढेच, की नवा अधिकारी काम पुढून सुरू करतो की पहिल्यापासून. पहिल्यापासून सुरू केले तर आधीचे जबाब आणि जप्त कागद गेले कुठे, हे विचारा.

म्हणून दर सुनावणीनंतर तिथल्या तिथे एक पत्र द्या: आज अमुक यांचा जबाब नोंदवला, अमुक कागद हजर झाले, अमुक कागद मागितले पण संस्थेने दिले नाहीत. एका पानाचे पत्र, पोचपावतीसह. अधिकारी बदलला की ही पत्रे नव्या अधिकाऱ्याला जोडून द्या. बदली मुदतीपूर्वी झाली असेल तर २००५ च्या बदली अधिनियमाप्रमाणे तिची कारणे नोंदवावी लागतात. बदलीला आव्हान देणे सभासदाच्या हातात फारसे नाही, पण ती कारणे माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्याच अधिनियमातले कलम १० जास्त उपयोगी आहे: फाईल कोणाकडेही साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, आणि दुसऱ्या खात्याकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. स्मरणपत्रात हे कलम लिहिले की टेबलावरचा माणूस टिपणी तरी लिहितो.

माहितीचा अधिकार संस्थेला थेट लागू होत नाही, पण निबंधकांना होतो, आणि निबंधकांना कायद्याने संस्थेकडून जी माहिती मिळवता येते तीही त्यांच्याकडून मागता येते. थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केले आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. मागायचे काय? "चौकशीची सद्यस्थिती कळवावी" असे मोघम विचारले की "चौकशी सुरू आहे" असे एका ओळीचे उत्तर येते. त्याऐवजी रोजनाम्याची प्रत, फाईलवरच्या टिपणीची प्रत, मंत्री किंवा लोकप्रतिनिधी कार्यालयाकडून आलेल्या पत्रांच्या प्रती आणि आवक-जावक नोंदवहीचा ठरावीक तारखांचा उतारा मागा. तपासात अडथळा येईल असे सांगून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) खाली नकार आला, तर अपिलात लिहा की तपास चालू असणे एवढे कारण पुरत नाही, अडथळा नेमका कसा येईल ते दाखवावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात हेच सांगितले आहे.

दप्तर

चेअरमन खुर्चीवर आहेत म्हणजे दप्तर त्यांच्या ताब्यात आहे. मोठी कर्जे कागदावर कशी दिसतात ते एकदा नीट बघा म्हणजे काय जपायचे ते कळेल. समजा २० लाखांचे एक कर्ज आहे. संचालक मंडळाचा मंजुरी ठराव १२ तारखेचा, पण खात्यावर रक्कम ९ तारखेलाच जमा झालेली. कर्जदाराच्या बचत खात्यातून त्याच दिवशी ती तिसऱ्याच फर्मच्या खात्यात गेलेली. तारण म्हणून गट नंबर लिहिलेला, मूल्यांकन अहवालही जोडलेला, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पतसंस्थेचा बोजाच नाही, कारण फेरफाराला कोणी अर्जच दिला नव्हता. किंवा बोजा आहे, पण आधी दुसऱ्या बँकेचा आहे. हे सिद्ध करायला लागतात ते पाच कागद: कार्यवृत्त, कर्ज खात्याचा उतारा, बचत खात्याचा उतारा, कर्ज रोखा आणि त्या तारखेचा सातबारा. पाचवा तुम्हाला तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन मिळतो. पहिले चार संस्थेकडे आहेत.

कलम ३२ खाली सभासदाला सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाचीही कार्यवृत्ते पाहण्याचा हक्क आहे, आणि फी भरून लेखी मागितल्यास महिन्याभरात प्रत मिळायला हवी. हा अर्ज आठवडाभरात द्या. कार्यवृत्ताच्या वहीत ठरावांच्या मधे कोऱ्या ओळी सोडलेल्या असतील तर त्या पानांचा उल्लेख अर्जात करा. नंतर तिथे ओळी भरल्या गेल्या तर ते दाखवता येईल. दुसऱ्यांच्या कर्ज खात्याचे उतारे तुम्हाला कलम ३२ मध्ये मिळणार नाहीत, तिथे फक्त स्वतःच्या व्यवहाराचे कागद मिळतात. ते चौकशी अधिकाऱ्यानेच मागवायचे. त्याला लेखी यादी द्या, खाते क्रमांकासह.

संगणक विसरू नका. पतसंस्थांमध्ये आता सॉफ्टवेअरवर काम चालते, आणि मागच्या तारखेची नोंद टाकली तरी ती कोणत्या युजरने, कधी टाकली हे बहुतेक सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये राहते. चौकशी अधिकाऱ्याकडे मागणी करा की आजच्या तारखेचा संपूर्ण डेटा बॅकअप सीलबंद घ्यावा, त्याची हॅश व्हॅल्यू (डेटात थोडाही बदल झाला तरी बदलणारा ओळख-आकडा) पंचनाम्यात लिहावी आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र घ्यावे. हे प्रमाणपत्र नसेल तर छापील उतारे पुढे पुरावा म्हणून अडखळतात.

दप्तराशी छेडछाड होण्याची खरी चिन्हे दिसत असतील, म्हणजे रात्री कार्यालय उघडे, वह्या घरी नेल्या, जुना कर्मचारी अचानक काढला, तर कलम ८० चा उपयोग करा. त्यात निबंधक कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा तहसीलदारांकडे, दप्तर जप्त करून ताब्यात घेण्यासाठी अर्ज करू शकतात. निबंधकांकडे या कलमाखाली अर्ज करताना चिन्हे तारीखवार लिहा, साक्षीदारांची नावे द्या. नुसते "दप्तर नष्ट होण्याची शक्यता आहे" असे लिहिलेला अर्ज निकाली निघतो.

मालमत्तेचेही तसेच. कलम ८८ ची सुनावणी सुरू झाल्यावर संबंधित माणूस जमिनी, फ्लॅट विकायला किंवा नावावरून काढायला लागला, तर कलम ९५ खाली प्राधिकृत अधिकाऱ्याला निकालाआधी जप्तीचा आदेश करता येतो. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातल्या दस्तांच्या सूची दोनचे (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) उतारे लागतात. गट क्रमांक माहीत असतील तर ते शोधणे अवघड नाही. वेळ लागतो, म्हणून आत्तापासून जमवा.

ढिसाळ चौकशी चेअरमनच्याच फायद्याची

तक्रारदारांना वाटते, अधिकाऱ्याने चेअरमनला फार वेळ देऊ नये, लवकर अहवाल द्यावा. हे उलटते. नोटीस नीट बजावली नाही, कागदांच्या प्रती दिल्या नाहीत, उलटतपासणीची मागणी विचारातच घेतली नाही, अशा कारणांवरून कितीतरी आदेश रद्द होतात. त्यांना पूर्ण संधी मिळावी यात तुमचा स्वार्थ आहे.

कलम ८८ मध्ये तर "सर्व संचालक संयुक्तपणे जबाबदार" अशा एका ओळीवर उभा राहिलेला आदेश अपिलात तग धरत नाही. याच कायद्याखालच्या नियमावलीतल्या नियम ७२ प्रमाणे प्रत्येकावर दोषारोप हवेत. म्हणून तुम्हीच तक्ता करा. एका ओळीत एक कर्ज: मंजुरीची तारीख, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, त्या सभेला हजर संचालक, विरोध नोंदवला असेल तर कोणी, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष उचल, तारण, आजची थकबाकी. सभेला गैरहजर असलेला संचालक यातून आपोआप बाजूला पडतो आणि त्याला उगाच ओढल्याने होणारा गोंधळ टळतो. असा माणूस अनेकदा साक्ष द्यायलाही तयार होतो.

तक्रारीवर सह्या कोणाच्या आहेत हेही आपल्या जिल्ह्यात फार मोलाचे. सगळे सह्या करणारे विरोधी गटाचे असतील तर पहिल्या दिवसापासून "राजकीय द्वेषातून" हे उत्तर तयार असते. दोन्ही गटांतले, आणि कोणत्याच गटात नसलेले ठेवीदार घ्या. एकच अर्ज आणि खाली पन्नास सह्या, असे करू नका. पाच-सहा जणांनी स्वतंत्र अर्ज द्यावेत. एकावर नातेवाईकांकडून दबाव आला आणि त्याने अर्ज मागे घेतला तरी बाकीचे उभे राहतात.

सगळे एका टेबलावर ठेवू नका

अमेरिकेत २० ऑक्टोबर १९७३ ला अध्यक्ष निक्सन यांनी वॉटरगेटचा (विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीचा आणि ती दडपण्याचा) तपास करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढायला लावले. ॲटर्नी जनरल आणि त्यांच्या उपप्रमुखांनी तो आदेश न पाळता पद सोडले, तिसऱ्याने पाळला. तरी तपास मेला नाही, कारण निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफितींचा वाद न्यायाधीशांपुढे होता आणि पुरावा ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे का ते ठरवणारे नागरिकांचे मंडळ) चालला होता. नवे अभियोक्ता लिऑन जॉवर्स्की आले, २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी फिती द्यायला लावल्या आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. माणूस काढता आला, न्यायालयापुढचे कागद काढता आले नाहीत. तुमच्या प्रकरणात सध्या सगळे काही सहकार खात्याच्या आत आहे. एक तरी धागा न्यायालयात हवा.

तो फौजदारी बाजूने जातो. लेखापरीक्षकाला अहवालात गुन्हा दिसला तर कलम ८१(५ब) प्रमाणे त्याने १५ दिवसांत निबंधकांकडे विशेष अहवाल द्यायचा असतो आणि निबंधकांच्या लेखी परवानगीने गुन्हा नोंदवायचा असतो. तो दिला का, परवानगी मागितली का, मिळाली का, हे विचारा. नसेल दिला तर सभासद स्वतः तक्रार देऊ शकतो. पोलीस ठाण्याने घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, मग कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जा. पहिल्या दोन पायऱ्यांच्या पोचपावत्या नसतील तर तिसरी पायरी घसरते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कर्जांना भारतीय दंड संहितेची ४०९ आणि ४२० ही कलमे, त्यानंतरच्यांना भारतीय न्याय संहितेची ३१६(५) आणि ३१८(४). यातल्या ४०९ ला कालमर्यादा आडवी येत नाही. कलम ८८ च्या खिडकीतून निसटलेली जुनी कर्जे इथे पकडता येतात.

आमदारावर गुन्हा नोंदवायला परवानगी लागते, असे तुम्हाला कोणी सांगेल. पतसंस्थेचा चेअरमन म्हणून केलेल्या कृत्याला आमदारकीचे संरक्षण नाही. अंतुले प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितले की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्याची फिर्याद साधा नागरिकही न्यायालयात देऊ शकतो. आणि एकदा खटला उभा राहिला की सरकारला तो गुपचूप मागे घेता येत नाही: न्यायालयाची संमती लागते, आणि १० ऑगस्ट २०२१ च्या आदेशानुसार आजी-माजी खासदार-आमदारांविरुद्धचा खटला मागे घ्यायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तपास यंत्रणेने समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा समाप्ती अहवाल, देऊन प्रकरण संपवायचे ठरवले तरी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला आधी नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या कर्जवाटपाच्या प्रकरणात २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हा नोंदवला गेला आणि २०२० मध्ये पोलिसांनी समाप्ती अहवाल दिला. त्यावर निषेध अर्ज आले, ते फिर्याद न्यायालयात होती म्हणूनच.

ठेवी मुदतीनंतरही परत मिळत नसतील तर १९९९ चा ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायदा लागतो, आणि त्यात मालमत्ता जप्त होते. पण संस्था ठेवी वेळेवर देत असेल तर आज तो मार्ग नाही. मुदत संपलेली एखादी पावती अडली असेल तर लेखी मागणी करून नकार हाती ठेवा.

सर्किट बेंच

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर, बसते. आधी प्रत्येक तारखेला मुंबई गाठावी लागे आणि तिथेच सभासदांचा धीर आणि पैसा संपे. आता स्थगितीला आव्हान देणे आवाक्यात आले आहे. पण याचिकेत सगळे जग मागू नका. सीबीआय द्या, ईडी द्या, मंडळ बरखास्त करा, अशी प्रार्थना असली की न्यायालय "पर्यायी मार्ग आहेत" म्हणून परत पाठवते. दोनच गोष्टी मागा: पुनरीक्षण अर्ज ठरावीक आठवड्यांत निकाली काढावा, आणि चौकशी ठरावीक मुदतीत पुरी करून अहवाल द्यावा. असा मर्यादित आदेश मिळणे तुलनेने सोपे, आणि तो मोडला तर अवमानाचा मार्ग खुला होतो. तुम्ही स्वतः सभासद आणि ठेवीदार आहात, त्यामुळे जनहित याचिका नको, साधी रिट याचिका करा.

साखर कारखान्याचे किंवा दूध संस्थेचे सभासद हे वाचत असतील तर टेबले वेगळी आहेत: कारखान्याला प्रादेशिक सहसंचालक (साखर) आणि पुण्याचे साखर आयुक्त, दूध संस्थेला दुग्ध विभागाचे निबंधक. कलमे तीच. मात्र ज्यांच्याकडे अजून चौकशीचा आदेशच निघालेला नाही, त्यांनी एक ध्यानात घ्यावे. कलम ८३ साठी सभासदांकडून एक-पंचमांश जणांचा अर्ज लागतो आणि कारखान्यात हा आकडा हजारोंत जातो. शिवाय निबंधक खर्चापोटी रक्कम भरायला सांगू शकतात. त्यामुळे तिथे आधी चाचणी लेखापरीक्षणाची मागणी लावून धरणे बरे. त्यातून विशेष अहवाल आला की ८३ ची चौकशी त्यावरून लागते, सह्या जमवाव्या लागत नाहीत.

तुमच्यापुरते या आठवड्याचे काम: आदेश पोहोचल्याची तारीख, चाचणी लेखापरीक्षणाचे तीन कागद, कलम ३२ चा अर्ज, आणि आम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये हा अर्ज तिन्ही कार्यालयांत. पोचपावत्यांच्या छायाप्रती दोन वेगवेगळ्या घरी ठेवा.